मानवंदनेची गारद: कर्तव्ये, शिस्त आणि रिवाज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टचे संचलन पाहून मैदानाबाहेर पडणारी मुले आणि त्यांचे पालक दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारतात. राष्ट्रीय छात्र सेनेच्या (एनसीसी) मुलांची कवायत बरीच वर्षे घेतल्यामुळे त्यांतले पुष्कळसे माझ्या वाट्याला आले आणि त्यांची उत्तरे मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या द्यावी लागली. तीच उत्तरे येथे सवडीने लिहिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

मानवंदनेची गारद आणि साधा पहारा यांत फरक काय?

साध्या पहाऱ्याचा हेतू रक्षण हा असतो. दारूगोळ्याचे कोठार, खजिना, छावणीचे प्रवेशद्वार किंवा तुरुंग यांवर नेमलेला पहारेकरी कोणाच्या नजरेत भरला नाही तरी चालते. किंबहुना न भरलेलाच बरा. मानवंदनेची गारद मात्र दिसण्यासाठीच उभी केलेली असते. राष्ट्रप्रमुखांचे स्वागत, ध्वजवंदन, स्मारकावरील पुष्पचक्र, हुतात्म्याचा अंत्यविधी अशा प्रसंगी राज्यसंस्थेच्या वतीने आदर व्यक्त करणे हे तिचे काम. या दोहोंच्या मधोमध तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे राजवाडा, राष्ट्रपती भवन किंवा स्मारक यांवरील औपचारिक पहारा. तेथे रक्षण आणि आदर ही दोन्ही कामे एकाच सैनिकाच्या अंगावर असतात, आणि लोकांचा गोंधळ बहुधा तेथेच होतो.

‘गारद’ हा शब्द मराठीत कोठून आला?

युरोपीय भाषांतील ‘गार्द’ या शब्दावरून तो आला, असे मानले जाते. पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेल्या पायदळाला अठराव्या शतकात ‘गारदी’ म्हणत. पानिपतावर १७६१ मध्ये लढलेला इब्राहिमखान गारदी हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले नाव. पण मराठी माणसाच्या मनात हा शब्द ३० ऑगस्ट १७७३ च्या शनिवारवाड्याशी जास्त घट्ट जोडलेला आहे, कारण नारायणराव पेशव्यांचा खून पगारी गारद्यांनीच केला. योगायोग असा की त्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्जने बनारसमध्ये पन्नास घोडेस्वारांचे अंगरक्षक पथक उभारले, आणि तेच पुढे आजचे राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल झाले. ज्याच्या हाती शस्त्र देऊन आपण त्याला आपल्या दाराशी उभे करतो, त्याच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा प्रश्न त्या एका वर्षात दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी समोर आला.

‘हुकुमदार’ हा शब्दही असाच मजेशीर आहे. रात्रीच्या अंधारात येणाऱ्याला इंग्रज पहारेकरी ‘हू कम्स देअर’ असे दरडावीत. देशी शिपायांच्या तोंडी त्याचे ‘हुकुमदार’ झाले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. महाराजांच्या आगमनाच्या वेळी जी ललकारी दिली जाते तिलाही आपल्याकडे गारद म्हणतात. तिचा येथे विचार केलेला नाही.

हे सैनिक केवळ शोभेचे असतात का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसला आहे की त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल हे भारतीय भूसेनेतील ज्येष्ठतेने पहिले पथक मानले जाते. उंच घोडे, निळे-सोनेरी साफे आणि भाले पाहून ते केवळ मिरवणुकीसाठीच असावेत असे वाटते. प्रत्यक्षात या दलातील जवान हवाई छत्रीधारी सैनिक म्हणून प्रशिक्षित असतात, आणि दलाच्या तुकड्यांनी सियाचीनमध्ये तसेच संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम केलेले आहे. राष्ट्रपती भवनाच्या दारांवर जे पायदळ उभे असते, ती भूसेनेची एक नेहमीची बटालियन असते. ठरावीक मुदतीसाठी ती दिल्लीत येते, आणि मुदत संपली की दुसऱ्या बटालियनला सूत्रे देऊन परत आपल्या मूळ कामावर जाते. आज दिल्लीत चकाकत्या बुटांनी उभा असलेला जवान दोन वर्षांपूर्वी नियंत्रण रेषेवरच्या बंकरमध्ये असू शकतो, आणि दोन वर्षांनी पुन्हा तेथेच जाऊ शकतो.

परदेशातही हेच आहे. लंडनच्या राजवाड्यासमोर अस्वलाच्या केसांची उंच टोपी घालून उभे राहणाऱ्या पलटणी इराक आणि अफगाणिस्तानात लढून आल्या आहेत. व्हॅटिकनच्या स्विस गार्डचा रंगीबेरंगी पट्ट्यांचा पोशाख पाहून हसू येते खरे. पण ६ मे १५२७ रोजी रोमवर आक्रमण झाले तेव्हा पोपला निसटून जाता यावे म्हणून या दलाचे १४७ जवान जागीच मारले गेले. नव्या जवानांचा शपथविधी आजही सहसा ६ मे याच दिवशी होतो.

कोल्हापूरकरांना यासाठी रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ क्रमांकाची प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. ललितापंचमीला त्र्यंबोली यात्रेच्या निमित्ताने निम्मे शहर त्या टेकडीवर जाते, कोहळ्याचा विधी पाहते आणि परत येते. आपल्या शेजारी एक सैनिकी ठाणे आहे, याची आठवण फार थोड्यांना राहते.

इतका वेळ न हलता उभे राहणे कसे जमते? चक्कर आली तर काय करतात?

मुले हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात, आणि तो योग्यही आहे. माणूस एका जागी ताठ उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांत साठू लागते. एरवी चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि ते रक्त वर ढकलतात. स्थिर उभे राहिल्यावर हे काम थांबते, मेंदूला होणारा पुरवठा क्षणभर कमी पडतो आणि माणूस कोसळतो. ऊन, घट्ट पट्टा, जड टोपी, रिकामे पोट आणि अपुरी झोप ही त्याला हातभार लावणारी कारणे होत.

म्हणून न हलणे याचा अर्थ दगड होणे असा नसतो. बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहणे, पोटऱ्या आळीपाळीने आवळून सैल सोडणे, गुडघे पूर्ण मागे ताणून न धरता किंचित मोकळे ठेवणे, वजन टाचांवर न टाकता चवड्यांकडे ठेवणे आणि श्वास लांब घेणे, हे सगळे बाहेरून न दिसता करायचे असते. सकाळी न्याहारी केल्याशिवाय कवायतीला उभे राहायचे नाही, हा नियम मी मुलांना पहिल्या दिवशी सांगत असे. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तो मोडून मातीत पडत असे, आणि त्यानंतर तो कोणालाच पुन्हा सांगावा लागत नसे.

शेजारचा पडला तर बाकीच्यांनी काय करायचे? काहीही नाही. त्याला उचलण्यासाठी वैद्यकीय पथक मागे उभे असते आणि ते त्याला नेते. ही गोष्ट पालकांना निर्दय वाटते. परंतु पन्नास जणांच्या हातांत संगिनी लावलेल्या रायफली असताना दोघे-चौघे धावले, तर पडलेल्याला मदत होण्याऐवजी आणखी कोणाला इजा होण्याचाच संभव जास्त.

ग्रीसच्या अथेन्स शहरातील एव्झोन रक्षकांची व्यवस्था मला फार आवडते. चुण्यांचा पांढरा झगा आणि खिळे ठोकलेले जड बूट घालून ते उभे असतात, आणि त्यांना स्वतःचा घामही पुसता येत नाही. म्हणून साध्या गणवेशातील एक सैनिक जवळ थांबतो, तो त्यांचा घाम पुसतो आणि वाऱ्याने विस्कटलेला पोशाख नीट करतो. तो सहसा कोणाच्याही छायाचित्रात येत नाही.

एक जवान किती वेळ पहाऱ्यावर असतो?

आपल्याकडील सैनिकी आणि पोलीस गारदेत दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती ही जुनी रीत आहे. कडक उन्हात किंवा थंडीत हा काळ कमी केला जातो. अमेरिकेतील आर्लिंग्टन येथे अनाम सैनिकाच्या समाधीवर उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाने रक्षक बदलतो; तो २१ पावले चालतो, २१ सेकंद थांबतो आणि परत फिरतो. १९३७ पासून हा पहारा रात्रंदिवस अखंड चालू आहे. समाधीत विसावलेल्या सैनिकाचा हुद्दा कोणालाच माहीत नसल्यामुळे, आपण त्याच्याहून वरचढ ठरू नये म्हणून तेथील रक्षक पहाऱ्यावर असताना आपल्या हुद्द्याची चिन्हे लावत नाही.

कोल्हापुरातल्या संचलनातही हुकूम हिंदीत का दिले जातात?

देशभरातील सैन्य आणि पोलीस यांना एकच हुकूम एकाच क्षणी कळावा, यासाठी. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने देख’, ‘सलामी शस्त्र’ हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत, ही सोय आहेच. प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. पहिला भाग लांबवून म्हटला जातो आणि जवानाला तयार करतो. दुसरा तोडून म्हटला जातो आणि त्यावर हालचाल होते. ‘तेऽऽज’ आणि ‘चल’ यांच्यामधली ती थांबण्याची जागा चुकली, तर सर्वोत्तम पथकाचीही पावले विस्कटतात, आणि प्रेक्षक मात्र दोष जवानांना देतात.

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि चवडे ३० अंशांच्या कोनात उघडलेले असतात. तेज चालीत एका मिनिटाला १२० पावले पडतात आणि प्रत्येक पाऊल ३० इंचांचे असते. ही मोजमापे केवळ देखाव्याची नाहीत. रांगेने चालणारे सैन्य किती वेळात किती अंतर कापील, याचा हिशेब सेनापतीला त्यांवरूनच करावा लागत असे.

‘सलामी शस्त्र’ म्हणजे काय?

रायफल शरीरासमोर उभी धरणे. या स्थितीत शस्त्र कोणावरही रोखता येत नाही, आणि तोच तिचा अर्थ आहे: माझ्या हाती शस्त्र आहे, पण ते तुमच्याविरुद्ध नाही.

पाहुणे रांगेसमोरून चालत जातात तेव्हा नेमके काय पाहतात?

पूर्वी ते खरोखरच तपासणी करीत. जवान लढण्याच्या अवस्थेत आहेत का, शस्त्रे साफ आहेत का, हे पाहत. आता तो मानाचा भाग उरला आहे. गारदेचा प्रमुख तलवारीने सलामी देतो, पथक निरीक्षणासाठी तयार असल्याचे सांगतो आणि पाहुण्यांबरोबर चालतो. दिल्लीत भूसेना, नौसेना आणि हवाई दल मिळून दिल्या जाणाऱ्या मानवंदनेत राष्ट्रपतींसाठी १५० जवान असतात. पाहुण्यांच्या दर्जाप्रमाणे ही संख्या कमी होत जाते.

तिन्ही दलांचा सलाम वेगवेगळा असतो, हे अशा वेळी नीट पाहावे. भूसेनेच्या सलामात तळहात समोरच्याला दिसतो, नौसेनेच्या सलामात तो खाली वळलेला असतो, आणि हवाई दलाने २००६ पासून या दोहोंच्या मधला कोन स्वीकारला आहे. ‘राष्ट्रीय सलामी’ राष्ट्रपतींना, आणि आपापल्या राज्यात राज्यपालांना दिली जाते, आणि तिच्याबरोबर राष्ट्रगीत वाजते.

तोफांची सलामी कोठून आली? कोल्हापूरला १९ तोफांचा मान होता, हे खरे आहे का?

खरे आहे. संस्थानी काळात कोल्हापूरच्या छत्रपतींना १९ तोफांच्या सलामीचा मान होता. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, म्हैसूर आणि जम्मू-काश्मीर ही २१ तोफांची संस्थाने होती. हा सगळा मानपानाचा हिशेब १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले त्याबरोबर संपला. तोफांच्या सलामीची मूळ प्रथा समुद्रावरची आहे. परक्या बंदरात शिरताना जहाज आपल्या तोफा उडवून रिकाम्या करी, म्हणजे आपण लढायला आलेलो नाही हे किनाऱ्यावरच्यांना कळे.

प्रजासत्ताकदिनी दिल्लीत राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत २१ तोफा बरोबर बसवल्या जातात, आणि २०२३ पासून त्यासाठी भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफा वापरल्या जातात. अंबाबाईच्या मंदिरात घटस्थापनेला होणारी तोफेची सलामी ही देवीच्या मानाची आहे. सैनिकी सलामीच्या नियमांत ती बसवण्याचा प्रयत्न करू नये.

हुतात्मा जवानाच्या अंत्यविधीत गारदेची कर्तव्ये कोणती?

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. शिरोळ तालुक्यातील एका टाकळीला लोकच ‘सैनिक टाकळी’ म्हणतात. चंदगड, गडहिंग्लजकडेही घरटी सैनिक असलेली गावे आहेत. कोल्हापूर संस्थानच्या फौजेतील ‘राजाराम रायफल्स’ ही पलटण विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली, आणि या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात, म्हणजे येथून अडीच-तीन तासांवर आहे. त्यामुळे तिरंग्यात लपेटलेली पेटी गावात येणे म्हणजे काय, हे येथे अनेकांनी पाहिलेले आहे.

पेटी खांद्यावर घेणारे जवान उंचीने जुळणारे निवडतात, म्हणजे ती कलत नाही. ध्वजातील केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा चितेवर जाळता येत नाही आणि दफनाच्या वेळी खाली सोडता येत नाही. अग्नी देण्यापूर्वी तो काढून, घडी घालून आई, पत्नी किंवा वडील यांच्या हाती दिला जातो. गारद ‘शोक शस्त्र’ करते, म्हणजे रायफलीची नळी खाली बुटावर टेकवून, दोन्ही हात दस्त्यावर ठेवून मान झुकवते. शस्त्र उलटे धरलेले दिसते तो प्रसंग बहुधा हाच. त्यानंतर हवेत तीन फैरी झाडल्या जातात आणि बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. छावणीत ही धून दिवसअखेर शेवटची चौकी तपासून झाली, म्हणजे पहारे जागेवर आहेत आणि आता विश्रांती घ्यावी, हे सांगण्यासाठी वाजत असे. तिच्यामागून येणारी दुसरी धून मात्र सकाळी उठवण्याची असते. झोपवून पुन्हा जागे करणारा हा क्रम ज्याने लावला, त्याला दुःखाची जाण होती.

एका गावातील अंत्यविधी मला आठवतो. घोषणा थांबत नव्हत्या. लोकांचे प्रेमच तसे होते आणि त्यात गैर काही नव्हते. पण बिगुलवाला ओठांशी बिगुल नेऊन थांबला होता आणि गारदेचा सुभेदार समोर पाहत निश्चल उभा होता. अखेर गावातलेच एक म्हातारे माजी सैनिक पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. वाचकांना एवढीच विनंती, की बिगुल ओठांशी गेला की घोषणा थांबवाव्यात. ती धून मिनिट-दीड मिनिटाचीच असते.

शासकीय इतमाम आणि सैनिकी अंत्यविधी एकच का?

नाही. शासकीय इतमाम राज्य सरकार ठरवते आणि त्यात मानवंदना सहसा पोलीस दल देते. सैनिकाच्या अंत्यविधीत लष्कराची गारद असते. आपल्या जिल्ह्यात बहुतेक वेळा दोन्ही दले मानवंदना देतात.

महिलांना या गारदेत स्थान आहे का?

आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना राष्ट्रपती भवनात दिलेल्या तिन्ही दलांच्या मानवंदनेचे नेतृत्व विंग कमांडर पूजा ठाकूर यांनी केले. अशा गारदेचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. पोलीस संचलनात तर महिला पथके आता नेहमीचीच झाली आहेत. माझ्या अनुभवात मुलींची पथके हुकमाची वाट मुलांपेक्षा जास्त नीट पाहतात. मुले अर्धा क्षण आधीच हलतात.

गणवेशावर इतका वेळ का घालवतात?

खळ घातलेले कपडे, ताठ इस्त्री, आरशासारखे बूट आणि घासलेले पितळ यांत जवानाचे कित्येक तास जातात, हे खरे आहे. बुटाला पॉलिश लावून, ओल्या फडक्याने लहान लहान वर्तुळांत घासत एकेक थर चढवावा लागतो, आणि घाई केली की तो थर तडकतो. याचा उपयोग विचारणाऱ्याला जुने हवालदार एवढेच सांगत, की जो बुटाचा टाच-कोपरा विसरत नाही, तो रायफल साफ करतानाही काही विसरत नाही. हे अगदी सर्वांना लागू पडते असे नाही. चकचकीत बुटांचे आळशी लोकही मी पाहिले आहेत.

कोल्हापूरच्या मुलामुलींना या कामात जायचे असेल तर वाट कोणती?

मानवंदनेच्या गारदेसाठी वेगळी भरती सहसा नसते. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची भरती तेवढी स्वतंत्र असते, आणि तिचे उंचीचे निकष कडक आहेत. बाकी सर्वांनी आधी सैनिक व्हावे. कोल्हापुरात लष्कराचे भरती कार्यालय आहे आणि प्रादेशिक सेनेची भरतीही येथे होते. शाळा-महाविद्यालयात असतानाच कवायतीची गोडी लागावी असे वाटत असेल, तर राष्ट्रीय छात्र सेना हा सोपा मार्ग आहे. तिचे कोल्हापूरला गट मुख्यालय आहे, आणि निवडक छात्रांना जानेवारीत दिल्लीच्या प्रजासत्ताकदिन शिबिरात जाता येते.

हे सोहळे कोठे पाहता येतील, आणि पाहताना कोणते भान ठेवावे?

राष्ट्रपती भवनातील पहाराबदल शनिवारी लोकांसाठी खुला असतो; वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि आधी नोंदणी करावी लागते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी लोकार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही पहाराबदल पाहता येतो. अटारीच्या सीमेवरील सायंकाळचा सोहळा १९५९ पासून चालत आला आहे. त्याची तऱ्हा मुद्दाम आक्रमक ठेवलेली आहे, आणि त्यावरून बाकीच्या गारदांची कल्पना करू नये.

उभ्या असलेल्या रक्षकाला हसवण्याचा प्रयत्न करणे, त्याच्या शस्त्राला किंवा पोशाखाला हात लावणे आणि त्याच्या चालण्याच्या रेषेत उभे राहणे, या तीन गोष्टी टाळाव्यात. त्याला हलायचे नसते, पण पाहाऱ्याच्या मर्यादेत शिरलेल्या माणसाला हटकण्याचा त्याला पूर्ण अधिकार असतो.

फैरी झाडताना बंदूक चालली नाही तर काय होते?

फैरींसाठी गोळी नसलेली काडतुसे वापरतात, आणि ती जुनी किंवा ओलसर झाली की दगा देतात. २०१९ मध्ये बिहारमध्ये एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यविधीत पोलिसांच्या २२ रायफलींतून एकही फैर सुटली नाही, आणि त्याची देशभर चर्चा झाली. त्या वेळी उभ्या असलेल्या जवानांनी हुकमाप्रमाणे प्रत्येक कृती केली होती. दोष होता तो काडतुसांचा. म्हणून चांगला गारदप्रमुख आदल्या दिवशी काडतुसे स्वतः हातात घेऊन पाहतो.

सोहळा संपल्यावर गारद काय करते?

पाहुणे जातात, बँड आवरतो, मुले वाळूत पडलेले फुगे गोळा करतात, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात गारद पुन्हा रांगेत उभी राहते. प्रत्येक रायफलीची नळी रिकामी आहे की नाही, हे तपासले जाते. झाडलेल्या फैरींच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून मोजल्या जातात, आणि ती संख्या दिलेल्या काडतुसांशी जुळावी लागते, कारण कोतात, म्हणजे शस्त्रे ठेवण्याच्या खोलीत, ती जमा करताना नोंदवहीत तीच लिहायची असते. एक पुंगळी कमी भरली, तर थोड्या वेळापूर्वी पुतळ्यासारखे उभे असलेले ते सगळे जण ओणवे होऊन गवतात ती शोधत राहतात, आणि ती सापडेपर्यंत कोणीही जेवायला जात नाही.